धरणगावच्या दगडावरचं चौथं नाव

धरणगावच्या कामगारांच्या स्मारकाचं काम हाती आलं, तेव्हा दोन दिवसांत माहिती घेऊन परत येऊ असं धरून निघालो होतो. नव्वदीची सुरुवात होती. मी पिंप्राळ्यात राहायचो आणि दगडावर अक्षरं कोरून पोट भरायचो. मार्चमधल्या एका सकाळी पिशवीत वही आणि मोजपट्टी टाकून जळगाव स्टँडवरून लाल एसटीत बसलो. तेव्हा धरणगावचा रस्ता खड्ड्यांचा होता, तासापेक्षा जास्त वेळ लागायचा. आता तुम्ही लवकर पोचाल.

तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काही वर्षांपूर्वी मजुरीसाठी संप झाला होता. फाटकासमोर बसलेल्या मजुरांवर ट्रक घातला गेला. चौघं मेली. स्मारक समितीने मला कागद दिला, त्यावर तीन नावं आणि खाली ‘एक अनोळखी बाई’.

समितीतले आबा त्याच जिनिंगमध्ये रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर, होते. सगळे बसले होते ती फाटकासमोरची जागा त्यांनी दाखवली. “आम्ही बठ्ठा आठेच बठेल व्हतूत. ती मन्हा शेजारले व्हती.”

“मग अनोळखी कशी, आबा?”

“पावरी बाई म्हनूत आम्ही. नाव कोनीच इचारं नही.”

पावरा आदिवासींतली ती बाई तीन हंगाम त्यांच्यासोबत कापूस वाहत होती. ‘अनोळखी’ हा शब्द माझ्या हातून कोरला जाणार नव्हता. मजूर आणणारा मुकादम पारोळ्याला राहतो असं आबांनी सांगितलं. एरंडोलला गाडी बदलून दुपारी पारोळ्यात उतरलो. स्टँडजवळ शेवभाजी मिळाली, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं. मुकादमाचं घर किल्ल्याच्या मागच्या गल्लीत. म्हातारा मऊ बोलायचा. त्याने शिरपूरच्या पुढचं, सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव सांगितलं.

“तिचं नाव जमनी. पण तिथं माझं नाव काढू नका, भाऊ. शब्द द्या.”

मी शब्द दिला. का हवा, ते विचारलं नाही.

मुक्काम धुळ्याला स्टँडसमोरच्या लॉजवर केला. लॉज स्वस्त, पण ढेकणांनी अंग फोडून काढलं. त्या भागात जायचं तर धुळ्यालाच थांबा आणि पहाटेची शिरपूरची गाडी धरा. शिरपूरहून पुढे मी जीपच्या टपावर बसून गेलो आणि शेवटचा तासभर चाललो. पळसाला पानं नव्हती, नुसती फुलं. नदी कोरडी.

गावात जमनीचं नाव काढलं आणि माणसं उठून जायला लागली. तिचा भाऊ खाटेवर होता. तो म्हणाला, “ती आमची कोणी नाही.” शेवटी तिची मुलगी रेशमी पुढे आली. वीस-बावीसची असेल, कडेवर मूल.

“काय काम आहे तिच्याशी?” तिने विचारलं.

ट्रक, फाटक, संप, जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं.

“म्हणजे पळून नव्हती गेली?”

मला काही कळेना. मग तिनेच सांगितलं. आई ट्रकवाल्याबरोबर पळाली असा निरोप गावात आला होता. आजीने मरेपर्यंत लेकीला शिव्या दिल्या. आजी गेल्याच वर्षी वारली. रेशमीला ‘पळपुटीची पोर’ म्हणूनच सगळे ओळखायचे.

“निरोप कोणी आणला होता?” मी विचारलं.

“मुकादमानं. तुला इथला पत्ता कोणी दिला?”

शब्द दिलेला होता. मी तो मोडला. “त्यानंच,” म्हणालो.

भाऊ खाटेवरून उठला आणि घरात गेला. रेशमी खाली बसली. रडली नाही. म्हणाली, “तिथं दगड लावशील. तिथं तिला कोण शिव्या देत होतं? शिव्या इथं दिल्या. इथं लाव.”

धरणगावच्या दगडावर जमनीचं नाव मी सगळ्यांत वर कोरलं. समितीत कुरबूर झाली, आबांनी ती मोडली. पावसाळ्याआधी दुसरा दगड, दोन हात उंचीचा, जीपमध्ये घालून गावात नेला. भावाने तो वस्तीत लावू दिला नाही. रेशमीने नवऱ्याला सोबत घेऊन स्वतःच्या शेताच्या बांधावर खड्डा खणला. गावातून दोन म्हाताऱ्या आल्या, बाकी कोणी नाही. मुकादमाचं पुढे काय झालं, मी विचारायला गेलो नाही.

पिंप्राळ्याला परतलो, नंतर बरीच स्मारकं केली. ‘आणि इतर’ असं लिहिलेला कागद आला की काम तिथेच थांबवतो. समित्या चिडतात. पण त्या आजीच्या दारात मी एक वर्ष उशिरा पोचलो, हे काही केल्या मनातून जात नाही.

या लेखात धरणगावच्या दगडाचा फोटो आहे, बांधावरच्या दगडाचा नाही. कॅमेरा काढला होता. रेशमीने लेन्सवर हात ठेवला.

“लोकांना दाखवायला नाही लावला, भाऊ.”