वाया जाणाऱ्या पाण्यावरची चाळीस रोपं

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, तू पर्यावरणासाठी काय केलंस? शाळेत लिहून न्यायचंय." मी म्हणाले, "कॉलेजमध्ये झाडं लावली." तिनं ते वर्गात वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, असं तुमच्या आईनं कळवलं. तेव्हापासून मला बरं वाटत नाही. मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं आता लिहून पाठवते. वाक्यं लहान ठेवली आहेत. अडलं तर आईला विचारा.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्तीनंतर दोन वर्षं घरी होते. मग प्राचार्यांचा फोन आला. ते एके काळी माझ्याच वर्गात बसायचे. म्हणाले, "मॅडम, आता प्रत्येक विद्यार्थ्याला मेंटॉर द्यावा लागतो. पर्यावरण समितीची बारा मुलं तुमच्याकडे देतो. तुमच्या फायली आम्ही अजून नमुना म्हणून दाखवतो." फायलींचं नाव काढल्यावर मी लगेच हो म्हणाले. झाडांतलं मला काही कळत नव्हतं.

मेंटॉरचं काम असं की दर पंधरा दिवसांनी मुलांना भेटायचं, अडचणी विचारायच्या आणि फाइलमध्ये लिहायच्या. पहिल्या भेटीत बाराही जणांनी 'अडचणी' या शब्दापुढे 'नाही' असं लिहिलं. मी ते चांगलं लक्षण समजले.

त्यांतली एक मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. चितेगावच्या पुढच्या एका वस्तीवरची. वडील तिथल्या एका कंपनीत कंत्राटी कामाला होते. तिचा वसतिगृहाचा खर्च 'कमवा आणि शिका'तून निघायचा. म्हणजे रोज दोन तास कॉलेजचं काम करायचं आणि त्यावर राहायचं. ते काम सुटलं तर शिक्षणही सुटणार होतं, कारण वडिलांनी तिच्यासाठी पॅकिंगच्या कामाचं आधीच बोलून ठेवलं होतं. हे तिनं मला एकदा जिना उतरताना सांगितलं. फाइलमध्ये 'नाही'च राहिलं.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यानं येतं, कधी आणखी उशिरा. त्यामुळे पाणी वाया गेलेलं इथं कोणालाच बघवत नाही. कॉलेजात पिण्याच्या पाण्यासाठी आरओचं मोठं यंत्र आहे. ते बोअरचं पाणी गाळतं आणि गाळून उरलेलं पाणी एका नळीतून गटारात सोडतं. मी ते रोज बघायचे. समितीच्या बैठकीत मी सुचवलं की हे पाणी ड्रममध्ये साठवू आणि मैदानाच्या कडेला रोपं लावून त्यांना घालू. वनस्पतिशास्त्राचे सरही बैठकीला होते. सगळ्यांनी मान हलवली.

ड्रम आणायला मी त्या मुलीला घेऊन शहागंजला गेले. दुकानदारानं आम्हा दोघींकडे बघितलं.

"मॅडम, इत्ते ड्रम का क्या करते? घर में शादी है क्या?"

"झाडांना पाणी घालायचंय."

"यहां आदमी को आठ दिन में पानी आरा, और तुम झाडां को रोज पिलारे?"

मुलगी म्हणाली, "चाचा, झाडं नळाला लाईन लावत नाहीत. भाव बोला." तो हसला आणि एक ड्रम कमी भावात दिला.

चाळीस रोपं लागली. करंज, कडुलिंब, बहावा, कांचन. पाणी घालायचं काम त्या मुलीला मिळालं, तिच्या दोन तासांत. मी तिला वही आखून दिली. तारीख, वेळ, किती बादल्या, सही, शेरा. शेऱ्याचा रकाना मी अरुंद ठेवला होता.

तिसऱ्या आठवड्यात वही तपासायला घेतली, तर तिचा शेरा रकान्याबाहेर, पार समासात गेलेला. तीन दिवस तसंच. मी लाल पेनानं लिहिलं, 'शेरा एका ओळीत लिहावा', आणि सही केली. तिला बोलावून सांगितलंसुद्धा.

ती म्हणाली, "मॅडम, पण ते पाण्याचं..."

"पाण्याचं असू दे. वही बघणाऱ्याला एका नजरेत कळायला पाहिजे."

"व्हय मॅडम."

त्यानंतर रोज एकच ओळ यायला लागली. 'पाणी दिले.' मी रोज खूण करत गेले.

दोन महिन्यांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग पानं गळली. बहाव्याची रोपं आधी गेली, कांचन मागून. मला वाटलं ऊन लागलं असेल, म्हणून मी एक बादली वाढवायला सांगितली. तिनं वाढवली. रोपं आणखी लवकर गेली.

समितीची बैठक झाली. बाहेरून तपासणीला माणसं यायची होती, त्यामुळे सगळे चिडलेले होते. वनस्पतिशास्त्राचे सर म्हणाले, "कडा अशा जळतात त्या पाणी न मिळाल्यावर. वहीत रोज पाणी दिल्याची नोंद आहे. याचा अर्थ नोंदी वसतिगृहात बसून झाल्यात." कोणीतरी म्हणालं, "फुकटचे तास लावलेत पोरीनं." माझ्या वहीवर खोट्या नोंदी झाल्या याचाच मला राग आला होता. तिचं काम काढून घ्यायचं ठरलं. चार दिवसांनी ती सामान घेऊन घरी गेली. मला भेटली नाही.

तिची मेंटॉरची फाइल बंद करायला घेतली तेव्हा मी सोबत वहीही काढली. शेवटच्या पानापासून मागे जात होते. 'पाणी दिले, पाणी दिले.' मग ती तीन पानं आली. माझ्या लाल अक्षरांशेजारी समासात तिनं लिहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. 'मातीवर पांढरा थर येतोय. बोटानं चाखला, खारट आहे. आमच्या घरच्या बोअरचं पाणी असंच आहे, त्यावर कोथिंबीर जळते. हे पाणी बंद करून हात धुण्याचं पाणी घालून बघावं का?' तिसऱ्या दिवशी, 'मॅडमला विचारायचे आहे.'

आरओचं यंत्र पाण्यातला क्षार बाजूला काढतं आणि तो सगळा त्या उरलेल्या पाण्यात जातो. इतकी साधी गोष्ट होती. ती एका एकोणीस वर्षांच्या मुलीनं तिसऱ्या आठवड्यात ओळखली होती, आणि तिला एका ओळीत लिहायला मी शिकवलं होतं.

तरी मी दोन दिवस काही केलं नाही. हेही लिहून ठेवते. तिसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून रिक्षानं त्यांच्या वस्तीवर गेले.

वडील रात्रपाळी करून आले होते आणि ओसरीत बसले होते. मुलगी आतून पाणी घेऊन आली आणि दाराशी थांबली.

ते म्हणाले, "पोरीनं खोटं लिहिलं म्हनं कॉलेजात."

मी म्हणाले, "तिनं खरं लिहिलं होतं. मी वाचलं नाही."

"तुमी मास्तरीण ना?"

"हो."

"मग वाचत नाय व्हय?"

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती मुलीकडे दिली. "वाच." तिनं स्वतःचीच तीन पानं वाचून दाखवली आणि माझी लाल ओळही वाचली. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बाई, हितं ओसरीत बसून असं म्हणून काय उपेग? तिथं म्हणा, जिथं तिला खोटी ठरवली. मग बघू."

"म्हणते."

"सोमवारपास्नं तिला पॅकिंगला बोलावलंय."

मुलगी म्हणाली, "आप्पा, सोमवारला अजून चार दिवस हायेत."

"मी बाईंशी बोलतोय."

"मी बी बाईंनाच सांगतेय."

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी तीन पानं वाचली आणि वही मिटली. "मॅडम, तिला परत घेतो. पण हे कागदावर कशाला? तपासणी आहे. नर्सरीतून नवी रोपं आणून लावू, कोण मोजतंय."

मी म्हणाले, "बैठक घेऊन तिला खोटी ठरवलंय. बैठकीतच ते काढायला पाहिजे."

बैठक शनिवारी झाली. मी उभं राहून सांगितलं की पाण्याची कल्पना माझी, इशारा तिचा, आणि तो न वाचता त्यावर सही करणारी मी. इतिवृत्तात तसं लिहून घेतलं. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मातीचा नमुना मागवला. नंतर म्हणाले, "मलाही कळायला हवं होतं." मी संध्याकाळी तिच्या वडिलांना फोन करून इतिवृत्तातली ओळ वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "बरं. पाठवतो."

ती सोमवारी आली, ती कॉलेजात. आरओचं पाणी तेव्हापासून फरशी पुसायला आणि संडासात वापरतात. रोपांना बेसिनचं आणि एसीच्या नळीचं पाणी जायला लागलं. पाइप कसा वळवायचा हे तिनं प्लंबरला दाखवलं. तपासणीला आलेल्या लोकांनी मेलेली रोपं का ठेवलीत असं विचारलं, तेव्हा उत्तरही तिनंच दिलं.

माझ्याशी ती पुढची दोन वर्षं नीट वागली, पण जिन्यात पूर्वीसारखं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आता ती पदव्युत्तर वर्गात माती आणि पाण्याचा अभ्यास करते आणि पहिल्या वर्षाच्या सहा मुलांची मेंटॉर आहे. तिच्याकडे फाइल नाही. ती त्यांना घेऊन मैदानाच्या कडेनं चालते.

चाळीसपैकी अकरा झाडं जगली. नऊ करंज आणि दोन कडुलिंब.