कडीच्या डब्यातला फोन

दादा गेल्याचं सांगायला त्याच्या शेजारचे नाना मला फोन करत होते आणि मी तो तीनदा कापला. का, तर मी माझ्या लेकाशी, अनिकेतशी बोलत होते. तो गाडी चालवत मालनपूरच्या कारखान्यात निघालेला आणि मी इथे दर्पण कॉलनीतल्या ओट्याशी उभी राहून त्याला विचारत होते, टिफिनमधलं वरण सांडलं नाही ना रे? चौथ्यांदा नानांचा फोन घेतला... दादा, माझा थोरला भाऊ, सकाळी दूध आणायला निघाला होता. हरिशंकरपुरमच्या वळणावर एका एकोणीस वर्षांच्या पोराने त्याच्या अंगावर गाडी घातली. पोरगा फोन उचलत होता.

याला आता सहा आठवडे झाले. भेटायला आलेली मंडळी म्हणत होती, "वेळ भरली होती हो त्यांची." वेळ कसली डोंबलाची! आणि ही असली सांत्वनं करायला येणारी तरुण मंडळी कशी येत होती, तर स्कूटीवर, मान वाकडी, कान आणि खांद्यात फोन चेपलेला. दारात उतरायचं, "आत्या, बहुत बुरा हुआ" म्हणायचं, चहा ढोसायचा आणि पुन्हा मान वाकडी करून पसार. मेल्यांना लाजसुद्धा नाही. यातल्या निम्म्यांना गाडी दादानेच शिकवली होती.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याला दुसरा उद्योग नव्हता. जुनी पांढरी गाडी काढायचा आणि कॉलनीतली पोरं फुकट शिकवायचा. अट एकच. बसायच्या आधी फोन स्टीलच्या कडीच्या डब्यात टाकायचा, कडी लावायची, डबा मागच्या सीटवर. पूर्वी त्या डब्यात वहिनी चकल्या ठेवायची. पोरं कुरकुरायची, "काका, मॅप कैसे देखेंगे?" दादा म्हणायचा, "बाड्यावर बाजारात जायला मॅप लागतो तुला? तुझे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून इथवर आले, ते काय मॅप बघून आले गाढवा?" पोरं हसायची. शिकून झालं की डबा विसरायची. दादाला ते कळत होतं, तरी पुढच्या रविवारी नवीन पोरगा बसवायचा.

अनिकेतही त्याच्याकडेच शिकला. पहिल्यांदा हायवेला नेलं त्या दिवशी मी पाच वेळा फोन लावला. आमच्या घरात रीतच आहे ती, निघालास की सांग, पोहोचलास की सांग, आणि मधे नाही उठवला तर आईने पुन्हा लावायचा. परत आल्यावर दादा दारातूनच माझ्यावर ओरडला, "मागे डबा कोकलतोय आणि पोराचा जीव सगळा मागे! समोर ट्रक, अन् हा म्हणतो, मामा, आई रागावेल."

"काळजी वाटते म्हणून विचारलं. बिघडलं काय?"

"मी डबा चुकीच्या माणसांना देतोय," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला. मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. म्हातारा चळलाय, असं वहिनीला ऐकवलंसुद्धा.

तेराव्याला गाडी घालणाऱ्या त्या पोराची आई आली. जयेंद्रगंजातली, आपल्यातलीच. दादाच्या फोटोसमोर हात जोडून उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पायपुसण्याकडे बघावं तसं तिच्या पायांकडे बघत राहिले. ती म्हणाली, "मी फक्त विचारायला लावला हो, पोहोचलास का म्हणून... नाही उठवला तर मी लावतच राहते, त्याला माहीत आहे." मी तिला फाडून खाल्लं. म्हटलं, "दहा मिनिटं धीर धरवला नाही तुम्हाला? कसली आई हो तुम्ही?" ती माझ्या हाताकडे बघत होती. माझ्या हातात फोन होता, त्यावर अनिकेतचं नाव, आणि तिकडे त्याचा वाजत होता. अनिकेत तेव्हा रस्त्यात होता. निघालास का, कुठवर आलास, एवढंच विचारायचं होतं मला. त्या दुपारचा तो चौथा फोन होता. ती गेल्यावर मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

दादाची गाडी वहिनीने विकून टाकली. डबा तेवढा मी मागून आणला. अनिकेतला वाटलं त्याच्यासाठीच. "आई, दे, मी ठेवत जाईन यात."

"तुझा तू बंद कर आणि बॅगेत टाक," मी म्हटलं. "हा माझा आहे."

आता तो सकाळी "येतो" म्हणून निघाला की मी माझा फोन डब्यात टाकते, कडी लावते आणि डबा ओट्यावर ठेवते. पोहोचला की तो फोन करतो. चाळीस मिनिटं लागतात. आज चाळीस झाली, पन्नास झाली. दोनदा हात कडीपर्यंत गेला. नाही उघडला, दादा... खुर्ची ओढली आणि दात-ओठ खात त्या डब्याकडे बघत बसले, तुझ्याकडे बघायची तशी. तास होत आला तेव्हा डबा वाजला.

"आई, पोहोचलो. रेल्वेचं फाटक बंद होतं."