भरून एकदा, रिकामा करून एकदा

मी डोळ्यांची डॉक्टर, गिरगावात वाढलेली, घड्याळाची पक्की. उशीर करणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. त्यामुळे भायखळ्याच्या दत्तारामांची आणि माझी पहिली भेट भांडणातच झाली.

आमच्या नेत्रशिबिराचा ट्रक जव्हारच्या कच्च्या रस्त्यांवर खालून घासायचा. म्हणून आम्ही एका गॅरेजात स्प्रिंगचे पाटे वाढवून तो चार इंच उंच करून घेतला. मोठा ऐटदार दिसायला लागला. फक्त ब्रेक जरा वेगळा लागतोय, असं आमचा ड्रायव्हर अभय म्हणाला, आणि शिबिराच्या आदल्या सकाळी आम्ही दत्तारामांकडे गेलो. बस डेपोत त्यांनी अठ्ठावीस वर्षं फक्त ब्रेक केले. निवृत्तीनंतर चाळीजवळच्या गाळ्यात तेच करतात.

ट्रकखाली गेले ते अर्ध्या तासाने बाहेर आले.

"गाडी उचलली, पण ब्रेकला कोणी सांगितलंच नाय," ते म्हणाले.

मागच्या एक्सलजवळ एक रॉड असतो. माल भरला की गाडी दबते, रॉड हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो. आता गाडी वर गेल्यामुळे त्या रॉडला भरलेला ट्रकही रिकामाच वाटत होता. मागच्या ब्रेकचा पाइपही ताणून तट्ट झाला होता.

"काका, रॉड तारेनं वर बांधून टाका ना. सगळे तेच करतात," अभय म्हणाला.

दत्ताराम माझ्याकडे वळले. "येताना काय आणता?"

काहीच नाही. मशीन, खाटा, औषधं महिनाभर तिथेच राहतात.

"म्हणजे उतारावर गाडी रिकामी. बांधलेला ब्रेक मागची चाकं जाम करणार. आडवी होईल, मॅडम."

रॉड नव्या उंचीप्रमाणे लावून झाला, पाइप बदलून झाला. मग ट्रक सगळा भरून एकदा आणि सगळा रिकामा करून एकदा, अशी मागच्या गल्लीत ब्रेकची ट्रायल. तीही तीन वेळा. मी भडकले. उद्या एकशे दहा माणसं ताटकळत बसतील, म्हणाले. त्यांनी चावी खिशात टाकली आणि पुन्हा खोकी उतरवायला सांगितली.

दर ट्रायलनंतर ते प्रत्येक चाकाजवळ हात नेत, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा. "मागचं डावं कमी तापलंय, म्हणजे कमी धरतंय," म्हणाले. मीही हात नेऊन पाहिला. मला काही म्हणता काही कळेना. तीस वर्षं मी बारीक काम करतेय, पण असा हात मी पाहिला नव्हता. संध्याकाळी चावी मिळेपर्यंत मी नुसती बघत राहिले.

शिबिर झालं. परतताना जव्हारच्या उतारावर, भुरभुर पावसात, वळणापलीकडे एक मोटारसायकल घसरून पडली होती. एक बाप आणि त्याची सहासात वर्षांची मुलगी रस्त्यातच. अभयने ब्रेक दाबला. रिकामा ट्रक जराही आडवा न होता सरळ उभा राहिला, त्यांच्यापासून दीड हातावर.

दोघांना फक्त खरचटलं होतं. मी मुलीच्या गुडघ्याला पट्टी बांधत असताना अभयने दत्तारामांना स्पीकरवर फोन लावून सगळं सांगितलं.

"कुठल्या चाकानं आधी धरलं?" त्यांनी विचारलं.

"कळलंच नाय, काका."

"मग ब्रेक बरोबर बसलाय," ते म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.

"ते कोण होते?" मुलीने मला विचारलं. सांगायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं.