परकोटाची सून

त्या काळी चांद्याच्या माणसाला कुठं राहतोस म्हणून विचारलं, तर तो गल्ली सांगत नसे. तो दरवाजा सांगायचा. कोणी जटपुऱ्याचा, कोणी पठाणपुऱ्याचा, कोणी बिनब्याचा. सोयरीक जुळवतानाही आधी दरवाजा विचारायचे आणि मग मुलीचं नाव. ज्यांच्या नशिबी दरवाजा नव्हता, ते खिडकी सांगायचे. या खिडक्या नावाच्याच. गावाभोवतीच्या परकोटाच्या भिंतीत ठेवलेल्या त्या लहान वाटा होत्या, आणि त्यातून माणसं, गाई, मोळीविके असे सगळेच ये-जा करायचे. शकुबाई अशाच एका खिडकीची, बगड खिडकीची. कोणी विचारलं की ती मान जरा वर करून सांगे, जणू खिडकी तिनंच बांधून घेतली होती.

आता चांद्याच्या बाईनं चांद्याचा तोरा मिरवावा, यात नवल नाही. पण शकुबाई चांद्याची नव्हतीच मुळी. ती वैनगंगेपल्याडची, चामोर्शीच्याही पुढं, जंगलाला लागून असलेल्या खेड्यातली. तिकडं वाट झाडांवरून ओळखायची. हा मोह अमक्याचा, तो येन दोन बुडांचा, त्याच्या पुढं नाला, नाल्यावर उंबर. लग्न होऊन ती चांद्यात आली तेव्हा एकसारख्या कौलांची, एकमेकांना खेटलेली घरं पाहून तिचा जीव कासावीस झाला. नवऱ्याची, मुखरूची, परकोटाला लागून आतल्या बाजूनं भाजीची वाडी होती. तिथली वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या तेवढ्या तिला ओळखीच्या वाटायच्या.

त्या पहिल्याच वर्षी चैत्रात बायांबरोबर ती महाकालीच्या जत्रेला गेली आणि गर्दीत हरवली. देऊळ अंचलेश्वर दरवाज्याबाहेर. ती कशीबशी दरवाज्यात परत आली आणि तिथंच रडत बसली. एका हारवाल्या म्हातारीनं घर कुठं म्हणून विचारलं. शकुबाईला सांगता येईना. घर कुणाचं, तर नवऱ्याचं, आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. सासऱ्याचंही नाही. तिनं सांगितलं ते एवढंच की घर परकोटाजवळ आहे आणि तिथं एक खिडकी आहे. खिडकीचं नाव तिला अजून ठाऊक नव्हतं. म्हातारी पोट धरून हसली. चांद्याला सगळीकडून परकोट, आणि खिडक्याही पाच. शेवटी तिनं उपाय सांगितला. परकोट उजव्या हाताला धर, सोडू नको, चालत राहा, तुझी खिडकी येईलच.

शकुबाईनं परकोट उजव्या हाताला धरला. रामाळा तलाव आला, गेला. जटपुरा आला, तिथल्या टांगेवाल्यांना वाट द्यावी लागली तरी भिंत सोडली नाही. कुणाच्या परसातून, कुणाच्या गोठ्यामागून, निवडुंगातून, गाढवांच्या घोळक्यातून ती चालतच राहिली. बिनबा आला. पठाणपुरा आला. तिथं एका बाईनं पाणी पाजलं, कुठून आलीस विचारलं, आणि ऐकून शेजारणींना हाक मारली. दिवस मावळता मावळता बगड खिडकी दिसली. खिडकीच्या पायरीवर तिची सासू मनकर्णा कपाळाला हात लावून बसली होती. मग कळलं, की अंचलेश्वर दरवाज्यातून डाव्या हाताला वळली असती तर घर हाकेच्या अंतरावर होतं. बाईनं त्याच घरासाठी साऱ्या चांद्याला वळसा घातला होता.

मनकर्णा तोंडाची फटकळ. शकुबाईला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण सासूनं सुनेचे काट्यांनी ओरबाडलेले हात पाहिले, पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, "रडू नको. इथी जन्मलेल्यायनं बी आख्खा परकोट कधी पायानं पाह्यला नाई. तू पाह्यला. आता हे गाव तुह्यं झालं."

दुसऱ्या दिवशी चारी दरवाज्यांवर ही गोष्ट पोचली आणि शकुबाईचं नाव पडलं, परकोटाची सून. पुढं भाजीची पाटी घेऊन ती कुठंही गेली, तरी लोक तिला बोलावून बसवायचे आणि त्या फेरीची गोष्ट पुन्हा सांगायला लावायचे. आधी तिला लाज वाटे. मग गोष्ट रंगवून सांगायला लागली. गाढवांचा घोळका दर वर्षी थोडा वाढत गेला. पठाणपुऱ्याच्या त्या पाणी पाजणाऱ्या बाईशी तर तिचं बहिणीबहिणीचं नातं झालं. आता ती माणसंही नाहीत आणि परकोटाचा बराच दगड लोकांच्या घरांच्या जोत्यांत गेला. पण तेव्हा भिंत होती, आणि भिंतीला धरून तिची माणसं होती.

तिला एकच मुलगी, मंगली. खिडकीत उभी राहून वाढलेली, परकोटावर चढून पतंग पाहणारी. शकुबाईनं हौसेनं तिला आपल्याच माहेरच्या मुलखात दिली. माहेराशेजारचं गाव, धानाची शेती, माणसं कष्टाळू, जावई लटारू शब्दाला शब्द न करणारा. शकुबाईला वाटलं, आपलं जुनं गाव पोरीच्या पायानं पुन्हा आपलं होईल. पण वर्षभर नांदून संक्रांतीला मंगली माहेरी आली, ती परत जायचं नाव काढीना. सासरी कोणी मारत नव्हतं की उपाशी ठेवत नव्हतं. विचारून विचारून बाप थकला. शेवटी चुलीपुढं बसून ती आईला म्हणाली, "तिथी काहीच दिसत नाई व माय. जिकडं पाहा तिकडं झाडच झाड. मी कुठी हावो, तेच समजत नाई."

शकुबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. हेच वाक्य तिनं एकदा या घरात म्हटलं असतं, फक्त झाडांच्या जागी घरं म्हटली असती.

फाल्गुन सरत आला तेव्हा सासरहून निरोप आला. मोह पडायला लागले, की घरातल्या बाईचे हात लागतात. मोहाच्या आत आली तर सून आमची. नाही तर मग तुमची पोर तुमच्यापाशी ठेवा. निरोप गोड शब्दांत होता, पण अर्थ कडू होता. मुखरू वाडीतली मोट सोडून घरात येऊन बसला. पोरीला ढकलून कसं पाठवायचं आणि घरी ठेवली तर पुढं तिचं काय, असं दोन्हीकडून त्याला सुचेना. शकुबाईनं मात्र पदर खोचला. ती म्हणाली, मी जाते सोबत. ज्या जंगलात माझं बाळपण गेलं, तिथं डोळे बांधून फिरेन. तिला एकदा जंगलाचे दरवाजे दाखवून देते, मग ती राहील.

मूल गावापर्यंत छोट्या रेल्वेगाडीनं, पुढं बंडीनं, वैनगंगा डोंग्यानं, असं करत मायलेकी पोचल्या. मंगलीची सासू कलाबाई हिनं पाणी दिलं, पण बोलली कमीच. सकाळी घरची माणसं टोपल्या घेऊन नेहमीच्या वाटेनं मोह वेचायला निघाली. शकुबाई म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, आम्ही माझ्या जुन्या वाटेनं येतो. कलाबाईनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, पण विहिणीपुढं कोण बोलणार, म्हणून ती माणसांमागं निघाली.

शकुबाई पुढं, मंगली मागं. शकुबाईचा नुसता थाट होता. ती सांगत होती, पुढं दोन बुडांचा येन लागेल, तो आपला जटपुरा समज. त्याच्या पुढं नाल्यावर उंबर, तो बिनबा. तिथून खडकाकडं वळलं की पठाणपुरा. दरवाजे माहीत झाले की मग कसलं भ्या. मंगलीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून शकुबाईला आणखीच जोर चढला.

दोन बुडांचा येन काही येईना. शकुबाई चालत राहिली. पुढं झाडीच संपली आणि उघडं रान लागलं. नुसते बुंधे, आणि त्यांच्यामधून कमरेइतकी नवी झुडपं. या बाजूचं कूप, म्हणजे जंगलखात्यानं तोडीसाठी आखलेला तुकडा, कधीच तोडून झालं होतं. कलाबाईला हेच सांगायचं होतं. येन गेला होता, उंबरही गेला असावा, आणि नाला सापडला तो कोरडा, दोन फाट्यांचा. आपल्या लहानपणी त्याला दोन फाटे होते का, हे शकुबाईला आठवेना. ती उजवीकडं गेली, परत आली, डावीकडं गेली. ऊन चढलं. तिनं लेकीकडं न पाहता पदरानं तोंड पुसलं. वीस-पंचवीस वर्षं ती मनात म्हणत आली होती, की चांदा आपलं सासर आणि हे आपलं गाव. आज गावानं तिला ओळखच दिली नव्हती. ती एका बुंध्यावर बसली आणि तिला रडू कोसळलं. पोरीला ठेवायला आलो आणि तिची भीतीच खरी करून दाखवली, आता ही आपल्याआधी डोंग्यात जाऊन बसेल, असं तिच्या मनात आलं.

मंगली आधी घाबरली. आईला तिनं असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग ती नुसतीच उभी राहिली. वाऱ्यावर धुराचा वास येत होता. मोहाखालचा पाचोळा जाळून बाया जमीन साफ करतात, म्हणजे फुलं नीट वेचता येतात, त्याचा तो धूर. मंगलीनं मान वळवली. पलीकडं टेकाडावर बुधू गुराख्याच्या बैलाची लाकडी घंटा वाजत होती. बुधू या वेळेला कुठं असतो, हे तिला माहीत होतं. माहीत आहे हे मात्र आतापर्यंत तिला माहीत नव्हतं. तिनं आईच्या हातातली टोपली घेतली आणि चालायला लागली.

थोडं वर चढल्यावर वाटेच्या कडेला दगडांचा ढीग लागला. त्या मुलखात वाटेवरच्या देवाला येता-जाता एक दगड वाहायचा, असा रिवाज आहे. ना मूर्ती, ना शेंदूर. पिढ्यान् पिढ्यांच्या माणसांनी एकेक ठेवलेले दगड, एवढंच त्याचं देऊळ. मंगलीनं खाली वाकून एक दगड उचलला आणि ढिगावर ठेवला.

"लगन होऊन आली, त्या दिवशी सासूनं माह्या हातानं ठेवाले लावला होता," ती म्हणाली. "मोहाच्या दिवसात तं रोज ठेवत होती. याच्यात माह्ये लय दगड हायेत, माय." मग तिनं खाली बोट दाखवलं. झाडीतून कौलं दिसत होती. "चाल. आपलं घर आता जवळच हाय."

शकुबाईनं ते ऐकलं. मंगलीला आपण काय बोललो ते कळलंच नाही, ती उतारावरून भराभर निघालीसुद्धा. शकुबाई मागं राहिली. तिनंही एक दगड उचलला, हातात धरून उभी राहिली, आणि पाहुण्यानं ठेवावा तसा अलगद, ढिगाच्या कडेला ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते सुखाचं होतं आणि दुःखाचंही होतं, आणि ती ते पुशीत नव्हती.

ती दोन दिवस राहिली. कलाबाईबरोबर मोह वेचले, वाळत घातले, जुन्या गोष्टी काढल्या. निघताना मंगली नदीपर्यंत आली. डोंग्यात पाय ठेवताना लेक म्हणाली, परकोट उजव्या हाताले ठेवजो, आणि दोघी हसता हसता रडल्या. डोंगेवाला म्हातारा होता. त्यानं सहज विचारलं, "बाई कोणत्या गावच्या?" या नदीवर शकुबाईला आजवर ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला तिनं बापाचं गाव सांगितलं होतं.

"चांद्याची," ती म्हणाली. "बगड खिडकीची."

डोंगेवाल्याला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं मान हलवली आणि बांबू पाण्यात रोवला.

चांद्याला ती उतरली तेव्हा जत्रेची माणसं येऊ लागली होती. अंचलेश्वर दरवाज्यातून ती आत आली. डाव्या हाताला वळलं की घर. ती वळली, आणि जाता जाता तळहात भिंतीवर टेकून चालत राहिली. दगड उन्हानं तापले होते. मुखरू खिडकीच्या पायरीवर, एके काळी त्याची आई बसली होती त्याच जागी, वाट पाहत बसला होता. बायको एकटी आलेली पाहून तो उठला. त्यानं विचारलं, पोरगी राह्यली का.

शकुबाई त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"राह्यली," ती म्हणाली. "मी जंगलात चुकली होती. तिनं मले घरी नेऊन पोचवलं."