हात जाईल तिथं बटण

बुधाजी मिस्त्री गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी मालकाला गाडीत बसवत आणि स्वतः बाजूच्या सीटवर बसून त्याच्या हातांकडे बघत राहत. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मुरबाडच्या एसटी स्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. कल्याणच्या फेऱ्या मारणारे जीपवाले घाईत असायचे, करवादायचे. मिस्त्री ढिम्म. "गाडी डिझेलवर चालते असं तुमाला वाटतं," ते म्हणायचे, "गाडी सवयीवर चालते. सवय बघू द्या पयले."

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा माझ्या मनगटाचं प्लॅस्टर नुकतंच निघालं होतं. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आहे आणि डाव्यातही फारसा जोर नाही; चालायला दोन काठ्या लागतात. शहापूरहून खर्डीच्या शाळेत शिकवायला मी माझ्या गाडीने जाते. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा डाव्या हातात, स्टिअरिंग उजव्या हातात. गाडी चालवताना मला कुणी लंगडी म्हणू शकत नाही. अडचण होती ती फक्त घराच्या शटरची. वडिलांनी घराखाली दुकानासाठी गाळा बांधला होता, दुकान काही झालं नाही, आता तिथे माझी गाडी राहते. दादाने, माझ्या मोठ्या भावाने, शटरला मोटर आणि रिमोट बसवून दिला. पण पर्समधला रिमोट चाचपताना एकदा तो खिडकीतून बाहेर चिखलात पडला. तो उचलायला मी उतरले, घसरले आणि मनगट मोडून बसले.

दादा वाईट माणूस नाही. घाबरला होता. "घरी बस असं नाय बोलत गो मी," तो म्हणाला, "पण गाडी बास. दिवाळीची सुट्टी संपली की गिऱ्हाईक बघतो." आईनेही होकाराची मान हलवली. गाडी गेली म्हणजे काय गेलं, हे त्या दोघांना मी कसं सांगणार होते? रोज कुणाची तरी वेळ मागायची, कुणाच्या तरी आधाराने चढायचं, कुणीतरी न्यायला येईपर्यंत शाळेच्या पायरीवर बसायचं. वीस वर्षांपूर्वी मी तेच करत होते.

रिमोट गाडीतच कायमचा बसवता आला तर प्रश्न सुटेल, असं माझ्या डोक्यात आलं. परदेशी गाड्यांना असं बटण कंपनीतूनच येतं, हे मला ठाऊक होतं. शहापुरात दोघा मेकॅनिकना विचारलं. एकाने ड्रायव्हर ठेवायचा सल्ला दिला. दुसऱ्याने माझ्या मागे बघत विचारलं, "सोबत कोण आहे तुमच्या?" जणू मी कुणाचं तरी सामान होते. बुधाजी मिस्त्रींचं नाव ऐकून होते, तिथून मी तडक मुरबाडला गेले.

मिस्त्रींनी सोबत कोण आहे ते विचारलं नाही. खाकी सदरा, कानावर टेस्टर, चष्म्याची एक काडी इन्सुलेशन टेपने बांधलेली. माझं सगळं ऐकून घेतलं आणि बाजूच्या सीटवर येऊन बसले. "चालवा," म्हणाले. मी बाजारातून तीन फेऱ्या मारल्या. ते माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बोट दाखवलं. "निघायच्या आधी तुमचा हात न बघता इथं जातो. बटण याच्या पायाशी."

त्यांनी रिमोट उघडला, आतली सर्किटची चकती काढून डॅशबोर्डमागे बसवली, तिला गाडीच्या बॅटरीचा करंट दिला. तो तिला जास्त होतो म्हणून मध्ये एक छोटी डबी जोडली. गणपतीशेजारी हिरवं बटण आलं. "रिमोट पडतो, भिजतो, हरवतो," ते म्हणाले. "गाडीचाच भाग झाला, आता कुठं जाईल?"

तीन दिवस मी राणीसारखी आले-गेले. चौथ्या दिवशी आईला घेऊन कसाऱ्याला मावशीकडे निघाले. शटर वर होतं, मी हळूहळू मागे घेत होते. अर्धी गाडी बाहेर आली आणि आईला आठवलं की निघताना आपण देवाला हात लावला नाही. तिने भक्तिभावाने लावला. शटर खाली आलं आणि गाडीच्या टपावर बसलं. मोटर घरघरली आणि बंद पडली. आई रडायला लागली. दादा वरून धावत आला, टपावरचा पोचा बघितला आणि शांतपणे म्हणाला, "झाली हौस? आता गिऱ्हाईक घेऊनच येतो." तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी मिस्त्रींना फोन केला. माझा आवाज चढला होता, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते शहापूरला आले, खांद्याला हत्यारांची पिशवी. आईने चहा पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. आधी टपावरच्या पोच्यावरून तळहात फिरवला.

"माझी चूक हाय," ते म्हणाले. "मी बाईंचा हात बघितला. देव नाय बघितला. देवाला तर जो बसेल तो हात लावणार."

मग शटर हाताने वर ओढून त्यांनी मोटर चालू करून दिली, मला गाडी बाहेर काढायला लावली आणि शटरसमोर आणून थांबवायला सांगितली. पुन्हा मागे, पुन्हा समोर. सात-आठ वेळा झालं. मी वैतागले होते. शेवटी ते म्हणाले, "बाई, गाडी थांबली का तुमचा हात गुडघ्यावर जातो."

मी दचकून हात काढला. कॅलिपरचा पट्टा तिथे काचतो, थांबलं की मी तो दाबते. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. त्या गुडघ्यावर मी जन्मभर साडी सारखी करत आले आहे. आमच्या घरातसुद्धा त्याचं कुणी नाव घेत नाही. आणि हा माणूस त्याच्याकडे फ्यूजच्या डबीकडे बघावं तसा बघत होता. मला लाज वाटली, राग आला, आणि मग इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

"देवाला सगळे हात लावतात," ते म्हणाले. "तुमच्या गुडघ्याला फक्त तुमी. बटण तिथंच."

दुपारपर्यंत स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर चार बोटांवर बटण बसलं. नुसता धक्का लागून काही होऊ नये म्हणून ते दोन अंक मोजेपर्यंत दाबून धरायचं. मी म्हटलं, झालं की. मिस्त्रींनी मान हलवली. "झालं म्हंजे झालं नाय. शंभर वेळा झालं का मंग झालं."

आई दोन वाट्या आणि मूठभर वाल घेऊन पायरीवर बसली. शटर उघडलं की एक वाल या वाटीतून त्या वाटीत. गाडी आत, गाडी बाहेर. साठ वाल झाले. एकसष्टाव्या वेळी शटर हललंच नाही. मिस्त्री डॅशबोर्डखाली शिरले. चकतीची एरियलची तार सरकून पत्र्यामागे गेली होती. त्यांनी ती काचेच्या कडेने वर नेऊन पक्की केली आणि बाहेर येऊन आईला म्हणाले, "सगळे वाल परत टाका. पयल्यापासून."

"साठ झालेत की," आई म्हणाली.

"ते जुन्या तारेचे."

माझे खांदे दुखत होते. पण आता मीच हट्टाला पेटले होते. चाळीस वालांच्या आसपास दादा जिन्यात येऊन उभा राहिला. सत्तरच्या पुढे त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं. त्याने एकवार माझ्याकडे बघितलं. "नाय, गाडी विकायची नाय," म्हणाला आणि येऊन आईशेजारी पायरीवर बसला. शंभरावा वाल त्यानेच टाकला. मिस्त्रींनी तेव्हा कुठे चहा घेतला.

"आता मोजू नका," निघताना ते मला म्हणाले. "हात आपसूक जाईल."

गेल्या उन्हाळ्यात एका जीपवाल्याकडून कळलं की बुधाजी मिस्त्री गेले. झोपेतच. दहाव्याला मी मुरबाडच्या पलीकडे त्यांच्या गावी गेले. घराच्या ओटीवर बायका बसल्या होत्या. माझ्या काठ्यांकडे बघून एकीने विचारलं, "बाई, कोन घेऊन आला तुमाला?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या बायकोने उत्तर दिलं. आम्ही कधी भेटलो नव्हतो. "त्या शटरवाल्या बाई हायेत," त्या म्हणाल्या. "त्या एकट्याच येतात. हे बोलायचे नेहमी."

परतताना सरळगावपर्यंत मला रस्ता नीट दिसत नव्हता. हळू चालवली. शहापूरला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. शटरसमोर गाडी थांबवली. हात गुडघ्यावर गेला. मोजणं मी केव्हाच सोडलं होतं. त्या दिवशी मात्र मोठ्याने म्हटलं, एक. आणि बटण दाबून धरलं.