कोल्हारची संकष्टी आणि एक मिठाचा मोदक

आत्याचा फोन आला तेव्हा माझा एक लेख शेवटच्या परिच्छेदावर अडला होता. "संकष्टीला ये. ह्या बारीला मी एकवीस मोदकांचं धरलंय," एवढं बोलून तिने फोन ठेवला. लेख पाठवला आणि पिशवी भरली.

माझी ही आत्या कोल्हारला असते. पावसाळ्यात तिच्या गालातल्या गाठीवर उपचार झाले. रेडिएशनचे शेक संपले, गाठ गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे निवांत झालो. पण त्या शेकांनी तिची चव नेली. "येईल हळूहळू," असं डॉक्टर म्हणाले होते. चव नाही म्हणून जेवण नाही, आणि जेवण नाही म्हणून अंगावरचं लुगडं दर महिन्याला जास्तच सैल. त्यात ती खरं सांगायची नाही. एकदा वरणात मीठच राहिलं होतं. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली आणि आत्या म्हणाली, "झकास झालंय गं." तेव्हापासून तिच्या 'झकास'वर घरात कुणाचा विश्वास नाही.

पुण्याहून सकाळची कोपरगाव गाडी घ्या. ती थेट कोल्हारला सोडते, तिकीट चारशेच्या आत. बायकांना अर्धं. माझ्या पुढच्या बाकावरचे आजोबा कंडक्टरला म्हणाले, "मालकिनीला अर्धं आन मला पुरं? घरात बी हेच चालतं." कंडक्टर म्हणाला, "बाबा, घरचं घरी. हितं सुट्टे द्या."

अहिल्यानगरला गाडी थांबते. चतुर्थी होती म्हणून कॅन्टीनमध्ये साबुदाण्याची खिचडी गरम मिळाली. तिथून पुढे मात्र मनमाड रस्त्याची कीर्ती खरी आहे. कुठे खोदलेलं, कुठे नवं, आणि उसाने भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत मधोमध चाललेले. वेळ हाताशी ठेवूनच निघा. राहुरी सोडली की दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनमधून ज्वारीची ताटं. माघातली थंडी असेल तर ओळखीच्या शेतात हुरडा नक्की मिळतो. प्रवरेचं पात्र दिसलं की उतरायची तयारी करा.

दुपारी घरी पोचलो तर रूपालीवहिनी, म्हणजे आत्याची सून, कणीक मळत होती. आतेभाऊ कारखान्यावर सेकंड शिफ्टला गेला होता. आत्या देवळात.

इथली रीत वाचकांसाठी सांगतो, कारण घरोघरी ती थोडी वेगळी असते. आत्याकडे कणकेचे मोदक करतात. सुकं खोबरं, गूळ, खसखस यांचं सारण. पातेल्यावर चाळण ठेवून, तिला तुपाचा हात लावून वाफवायचे. लिंबाएवढे एकवीस. त्यातले वीस गोड आणि एक मिठाचा. दिवसभर उपास करायचा, चंद्र उगवला की ताटातला एकेक मोदक खायचा. मिठाचा लागला की तो संपवून उठायचं. तो पहिलाच आला तर जेवण तेवढंच. बाहेरून सगळे सारखे, आणि करणारीने चाळणीवर ते सरमिसळ करायचे, म्हणजे तिलाही कळायला नको.

आता घरातला पेच लक्षात आला असेल. आत्याला मिठाचा मोदक कळलाच नाही, तर ती खात राहील आणि ताट रिकामं होईल.

"मीठ वाढवू का जरा?" वहिनीने दबक्या आवाजात विचारलं.

"न्हाई. नेहमीसारखंच," मामा म्हणाले. मामा म्हणजे आत्याचे यजमान. "देवाला फसवायचं न्हाई."

"देवाला कुठं? आईंनाच तर."

"तिला त्याहून न्हाई."

मामा गोठ्याकडे गेले. वहिनीने माझ्याकडे बघितलं, मिठाच्या डब्यात हात घातला आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही काही पाहिलं नाही."

चंद्र उसाच्या तुऱ्यांवर आला. आत्याने अर्घ्य दिलं, आरती झाली आणि ती ताटावर बसली. आम्ही तिघे भिंतीला टेकून. पहिला मोदक गेला. दुसरा. तूप घेतलं. तिसरा. चेहऱ्यावर काही नाही. बस चुकल्यावर पुढच्या गाडीची वाट बघावी तशी ती चावत होती. चौथा, पाचवा. वहिनीने पदर तोंडाला लावला. आत्या पाण्याचे दोन घोट प्यायली आणि सहावा उचलला. तोही गेला. मामा छताकडे बघू लागले.

सातवा तिने अर्धा चावला आणि थांबली. डोळे बारीक केले. मग सावकाश उरलेला तोंडात टाकला, गिळला आणि पाण्याचा तांब्या ओढला.

"झालं माझं," ती म्हणाली. "खारट हुता."

कुणी आनंदाने ओरडलं नाही. वरणाची गोष्ट तिघांनाही आठवत होती. आमचा जीव निवावा म्हणून आत्या काहीही बोलू शकते.

मामांनी ताट पुढे ओढलं. "चला, प्रसाद घ्या," एवढंच म्हणाले. उरलेल्या मोदकांतला एक जरी खारट निघाला, तर आत्या खोटं बोलली होती. गोड लागावं म्हणून इतक्या भीतीने मी आयुष्यात काही खाल्लं नव्हतं. माझा पहिला गोड. वहिनीचा गोड. मामा प्रत्येक घास जिभेवर धरून ठेवत. पोट भरलं तरी कुणी थांबेना. शेवटचा राहिला तो मामांनी मोडून तिघांत वाटला.

गोड. तिघांनाही.

"काय रं, मयताला आल्यावानी खाताय?" आत्या म्हणाली. "शोधून झालं का?" मग सुनेकडे वळली. "आन गं, चिमूटभर घालत्यात मीठ. तू काय मिठागर घातलंस व्हय? घसा धरला माझा."

वहिनी हसायला लागली आणि हसता हसता रडली. मामा म्हणाले, "मी नेहमीसारखंच घाल म्हनलो हुतो."

"आन गोड?" मी विचारलं.

"गोड आजून न्हाई कळत," आत्याने पहिल्यांदाच खरं सांगितलं. "मऊ लागतंय नुसतं. पन खारट कळलं."

सकाळी भगवतीचं दर्शन घेतलं, नदीकाठी चक्कर मारली. निघताना आत्या चुलीपाशी बसून भाकरीबरोबर लसणाची चटणी मागत होती आणि वहिनी ती वाटताना गुणगुणत होती. परतीच्या गाडीत उभं राहावं लागलं, रस्ता तोच होता, आणि मला सुप्यापर्यंत कशाचाच त्रास झाला नाही.

या सहलीत मी काय पाहिलं म्हणाल तर फार काही नाही. एक पूल, एक देऊळ, ऊस. तरी घरी पोचलो ते हलका होऊन.

माझी बायको रत्नागिरीची. तिच्या लेखी मोदक तांदळाच्या उकडीचेच. दार उघडताच तिने विचारलं, "कसे झाले होते ते तुमच्याकडचे कणकेचे?"

"गोड होते," मी म्हणालो. "अगं, सगळेच्या सगळे गोड होते."

"मोदक गोडच असतात. त्यात काय सांगतोस?"

मी पिशवी खाली ठेवली आणि तिला बसायला सांगितलं.