मागचा हात

आमच्या घरी लहानू रंगारी नावाचा एक माणूस राहते. माझे मालकच होय ते, पण मी नाव घेऊनच सांगते, नाहीतर 'हे असे' आन 'हे तसे' म्हणत बसलं की ऐकणाऱ्याले समजत नाही कोण. मी भागीरथा. बावीस वर्षं झाली, सुपेल्याच्या एका दुकानात शाळेचे ड्रेस शिवून राहिली. आमचं घर तिथंच कॅम्प दोनमध्ये, रायपूर बसनं तासाभरावर.

लहानूनं अठ्ठावीस वर्षं कुम्हारीच्या एका यार्डात क्रेन चालवली. वर केबिनमध्ये ते एकटे, आन खाली सिग्नल द्यायले भैयालाल. तिथं तोंडाचा काही उपयोग नाही, त्या आवाजात कोण ऐकते? बोट वर करून फिरवलं म्हणजे हाफिज, उचल. बोट खाली करून फिरवलं म्हणजे आरिया, सोड. हात आडवा म्हणजे थांब. घरीही तेच चालायचं. आमच्या पोरीले, दीक्षाले, पाळण्यातून काढायचं तरी हाफिज, जेवणाचं ताट ठेवायचं तरी आरिया. मी चिडायची. म्हणायची, हे घर आहे का यार्ड? आन ते दोन शब्द मी कधी तोंडातून काढले नाहीत, जिद्दच धरली होती.

सुरुवातीच्या वर्षांत एकदा लहानूच्या हातून चूक झाली. भैयालालनं उचल म्हणून दाखवलं, लहानूनं पाहिलं, मग नजर दुसरीकडे नेली आन लिव्हर ओढला. तेवढ्यात भैयालालचा हात आडवा झाला होता, कावून का त्याचा दुसरा हात साखळीत होता. दोन बोटं गेली त्याची. भैयालालनं कधी बोल लावला नाही, अजून घरी येते, चहा पिते. पण लहानू तीन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून त्यायचे दोन नियम झाले. मागचा हात, म्हणजे आधी दिसलेला सिग्नल, पाहून काम करायचं नाही, लिव्हर ओढायच्या आधी पुन्हा पाहायचं. आन सिग्नल देणाऱ्यानं समोरच्यानं उलट सिग्नल देईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. हे मी इतक्या वेळा ऐकलं की माझे कान किटले.

मग तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं घात केला. मी ओरडून थकली, पण ऐकतील तर ते लहानू कसले? गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आवाजाची पेटी काढली, आता गळ्याला भोक आहे, त्यातूनच श्वास. बोलणं बंद. पाटी-पेन्सिल घेऊन लिहितात. भीती एकच, त्या भोकात कफ सुकून अडकला तर श्वास कोंडते. ओल्या कापडानं तो काढावा लागते, आन त्यायचे हात कापतात. हाक मारायची सोय नाही. शेजारची गयाबाई दिवसभर कामावर. दीक्षाले नुकतीच रायपूरच्या कंप्युटर कंपनीत नोकरी लागली होती. ती म्हणे मी सोडते, मी म्हटलं मी सोडते. लहानूनं पाटीवर लिहिलं, कोणीच सोडायचं नाही, आन खाली दोनदा रेघ मारली.

मग दीक्षानं जुना लॅपटॉप काढला, त्यावर वेबकॅम लावला आन प्रोग्राम लिहिला. तिनं मले समजावलं ते असं. कॅमेरा एका सेकंदात पंधरा फोटो काढते, त्याले फ्रेम म्हणतात. प्रोग्राम एकेक फ्रेम वाचते, त्यात बाबाचा हात वर आहे का पाहते. लागोपाठ काही फ्रेममध्ये हात वर दिसला की माझ्या मोबाईलवर फोन. रोज सकाळी नऊला ती प्रोग्राम चालू करे, लहानू हात वर करत, माझा फोन लगेच वाजे, आन ती सव्वानऊची बस पकडे. मीही मग निश्चिंत सुपेल्याला जायची.

लहानू मात्र खूश नव्हते. दिवसभर त्या लॅपटॉपसमोर खुर्चीवर बसत, पडद्यावर स्वतःलेच पाहत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यायनं लिहिलं, हा मागचा हात पाहून राहिला. आमाले दोघींलेही वाटलं, बसल्या बसल्या भैयालालची बोटं आठवून राहिली. मी समजूत घातली, जाऊ द्या ना, किती वर्षं झाली, तो विसरला, तुम्हीही विसरा. तर हा माणूस असा भडकला की हातातली पेन्सिल मोडून टाकली. मी म्हटलं, राहिला राग नाकावर, गळा गेला तरी.

आन मग त्या गुरुवारी माझा फोन वाजला. मशीन तशीच सोडून ऑटो केला. घरी आली तर लहानू मोरीजवळ खाली बसलेले, शर्ट ओलाचिंब, तोंड काळंनिळं. कसाबसा स्वतःच कफ काढला होता. पाटीवर एकच शब्द, अडीच. मी म्हटलं, अडीच नाही, फोन तीनला सहा मिनिटं कमी असताना आला. मोबाईल दाखवला. त्यायनं पुन्हा अडीचवर बोट ठेवलं. मले वाटलं, घाबरून वेळेचा हिशोब चुकला. मी पाहिलं ते पुरे झालं होतं. दीक्षा आल्यावर सांगितलं, उद्याच दुकानात सांगते, काम बंद. पोरगी रडायले लागली, म्हणे सकाळी तर बरोबर चालते, मग दुपारी काय होते?

दोन दिवस मी दुकानात गेलीच नाही. रविवारी दीक्षाही घरीच होती, प्रोग्राम नऊपासून चालू. जेवण झालं. एक वाजून दहा मिनिटांनी लहानू उठले, बाबासाहेबांच्या फोटोखालचं घड्याळ काढलं आन छातीशी धरून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. दीक्षाले बोटानं पडदा दाखवला. पडद्यावर लहानू खुर्चीत बसून वरण-भात खात होते, घड्याळबिड्याळ काही नाही. लहानूनं तिले उठू दिलं नाही. आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो. दीक्षाच्या मोबाईलमध्ये एक अठ्ठावीस झाले, तेव्हा पडद्यावरचे लहानू घड्याळ घेऊन उभे राहिले. त्या घड्याळात एक दहा.

दीक्षानं कपाळावर हात मारला. कॅमेरा सेकंदाला पंधरा फ्रेम द्यायचा, म्हातारा लॅपटॉप चौदाच वाचायचा. उरलेली एक रांगेत उभी राहायची. सकाळी रांगच नव्हती. दुपारपर्यंत एवढी लांब व्हायची की प्रोग्राम वाचे आन पडद्यावर दाखवे ती फ्रेम वीस-वीस मिनिटं जुनी. म्हणजे माणसानं बरोबर लिहिलं होतं, आन आम्ही त्याले जुन्या गोष्टी विसरायले सांगून राहिलो होतो. मले स्वतःची लाज वाटली, खरं सांगते. दीक्षा म्हणे, बाबा, आता रांगच नाही ठेवत, जुनी फ्रेम फेकून द्यायची, ताजी तेवढीच वाचायची. लहानूनं मान हलवली, जसं हे त्यायले अठ्ठावीस वर्षांपासून माहीत होतं. पुढचा रविवार येईपर्यंत रोज दुपारी दीक्षा रायपूरवरून फोन करून हात वर करायले लावे, आन मी वेळ लिहून घ्यायची. एकदाही उशीर झाला नाही. तेव्हा कुठं मी काम सोडायचं मनातून काढलं.

मागच्या महिन्यात चार वाजता फोन वाजला. मी ऑटो केला. दार ढकललं, तर लहानू खुर्चीत, उजवा हात वर, डाव्या हातानं त्याले कोपराखाली टेकू दिलेला. श्वास अर्धाच, शिट्टीसारखा आवाज येत होता. मी कापड ओलं केलं, कफ काढला. छाती भरून हवा आत गेली, डोळ्यांतून पाणी आलं. पण हात वरच. मी पाठ चोळली, पाणी लावलं, तरी हात वरच.

मग मले समजलं. समोरच्यानं उलट सिग्नल दिल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही. त्यायचा तो नियम होता, आन मी काहीच सिग्नल दिला नव्हता.

मी समोर उभी झाली, बोट खाली केलं आन फिरवलं. म्हटलं, "आरिया. मी आली ना, आता आरिया."

माझ्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच निघाला. लहानूनं माझ्याकडे पाहिलं, एकदा पाहिलं आन पुन्हा पाहिलं, मगच हात हळूहळू मांडीवर ठेवला.